न लागलेल्या गोळ्यांचे स्मारक

लंडनला जाऊन आलेल्या मराठी माणसाने काय काय पाहून यावे, याची यादी आपल्याकडे कधीचीच ठरून गेलेली आहे. टॉवर ब्रिज, राजवाड्यापुढची पहारेबदली, शेक्सपिअरचे घर, आणि जे जरा अभिमानी असतील त्यांच्यासाठी बाबासाहेब राहत असत ती वास्तू. या यादीबाहेर पाऊल टाकणाऱ्याची परत आल्यावर काय गत होते, ते मी गेले वर्षभर भोगतो आहे. लग्नमुंजींच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळच्या फिरण्यात, जो भेटेल तो विचारतो, "काय, लेकीकडे जाऊन आलात म्हणे! काय काय पाहिलंत?" मी खरे तेच सांगतो. "शेतातले आठ सिमेंटचे खड्डे पाहिले. दोनदा पाहिले." मग विचारणारा अशा नजरेने पाहतो, की याला विलायतेची हवा बाधली की काय! तेव्हा सगळ्यांना एकदाच आणि लेखी उत्तर द्यावे असे ठरवले. दिवाळीचा मुहूर्त एवढ्यासाठी, की तोंडात चकली असताना माणसाला मध्येच बोलता येत नाही.

थेम्स नदी लंडन सोडून समुद्राकडे निघाली की तिच्या उत्तर काठावर एसेक्स परगणा लागतो. तिथे टिल्बरी नावाची गोदी आहे. मुंबईहून सुटलेली पी. अँड ओ. कंपनीची बोट एके काळी इथे लागे. आपल्याकडच्या किती बॅरिस्टरांनी आणि आय. सी. एस.च्या उमेदवारांनी विलायतेची पहिली थंडी या धक्क्यावर खाल्ली असेल, त्याला गणती नाही. गोदीपासून जवळच ईस्ट टिल्बरी नावाचे खेडे आहे. खेडे म्हणायचे, पण तिथे बाटा कंपनीने १९३० नंतरच्या दशकात जोड्यांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत बांधली. आपण लहानपणी शाळेला जाताना घालत असू ते बाटा. तो कारखाना आता बंद पडला आहे. असो. या ईस्ट टिल्बरीच्या शेतांत बोवाटर्स फार्म म्हणून जागा आहे, आणि तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या ठाण्याचे अवशेष उरले आहेत. तोफा केव्हाच गेल्या. उरले ते काँक्रीटचे आठ खळगे. चार अष्टकोनी, आणि चार गोल व खोल. हे गोल खळगे युद्धाच्या उत्तरार्धात आलेल्या सव्वापाच इंची तोफांसाठी खोदलेले. खळग्यांना जोडणारे सिमेंटचे रस्ते, दारूगोळ्याची एक बसकी इमारत, आणि सगळ्यावर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या. अशा तोफेभोवतीच्या भिंतीत गोळे ठेवायला कोनाडे असत. माझ्या नातीला मी ते चित्र काढून दाखवले, तर ती म्हणाली, "आजोबा, इथे पणत्या छान मावतील."

आमचे जावईबापू अभियंते आहेत आणि सज्जन आहेत. त्यांनी मला गाडीतून तिथवर नेले, माझ्या पाठोपाठ चिखल तुडवला, आणि मग शांतपणे म्हणाले, "बाबा, राग मानू नका. पण या देशात तरुण जोडप्याला घर घेता येत नाही. असल्या जागांवरचं सिमेंट फोडून चार घरं बांधली तर काय बिघडेल? आणि ज्या तोफांना विमान पाडता येत नव्हतं, त्यांचं कसलं आलंय कौतुक?"

हा पहिला आक्षेप, आणि तो खरोखरीचा आक्षेप आहे. दुसरा आक्षेप पुण्याला परतल्यावर आला. आमचे एक स्नेही आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झाले. ते म्हणाले, "इतिहास म्हणजे रायगड. तुम्ही पाहून आलात ते पी. डब्ल्यू. डी.चं उरलेलं सामान." तिसरा पक्ष मात्र या दोघांहून भयंकर. त्याला अवशेष हवे आहेत, पण साफसूफ करून, रंग देऊन, मधोमध फायबरची तोफ बसवून, आणि शेजारी कॉफीचे दुकान थाटून. या तिघांशी माझे भांडण आहे.

जावईबापूंचे निम्मे म्हणणे मी आधीच मान्य करून टाकतो. तोफांना विमान पाडता येत नव्हते. अगदीच नव्हते असे नाही. पण १९४० च्या उन्हाळ्यात एक शत्रुविमान पाडायला सरासरी वीस हजारांवर गोळे खर्ची पडत होते. वीस हजार! आपल्या दिवाळीत एखाद्या पेठेतले सगळे बाण एका चिमणीवर सोडावेत आणि चिमणीने शेवटी कंटाळून उडून जावे, त्यातला हा प्रकार. आणि ३.७ इंची तोफेचा एकेक गोळा २८ पौंडांचा.

यात तोफ्यांचा दोष नव्हता, हे समजून घेतले पाहिजे. तीनसाडेतीन मैल उंचावरून विमान जाते आहे. गोळ्याला तिथे पोचायला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. म्हणजे नेम विमानावर धरायचाच नाही. वीस सेकंदांनी ते जिथे असेल, त्या मोकळ्या आकाशावर धरायचा. त्यासाठी प्रेडिक्टर नावाचे गणिती यंत्र होते. विमानाची उंची, वेग आणि दिशा त्याच्या पोटात घातली की ते पुढची जागा वर्तवी, आणि त्या हिशेबाने गोळ्याच्या टोकावरचा फ्यूज लावायचा. पण यंत्राचे सारे गणित एका गृहीतावर उभे: वैमानिक सरळ रेषेत, त्याच उंचीवरून उडत राहील. वैमानिकाने जरा वळण घेतले की भाकीत फसले. आणि रात्री तर विमान दिसायचेच नाही. रडार नवे होते. ते जमिनीच्या उंचसखलपणाने फसे, म्हणून त्याच्याभोवती तारेच्या जाळीचे मोठे अंगण अंथरावे लागे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी! ठाण्याठाण्यांवर ती अंथरता अंथरता देशातला जाळीचा साठा संपत आला. साम्राज्याची राजधानी खुराड्याच्या जाळीवर अवलंबून होती, हे वाक्य कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेले मला आढळले नाही.

७ सप्टेंबर १९४० ला लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. तेव्हा शहराभोवती जड तोफा होत्या ९२. त्या रात्री आणि पुढच्या रात्री त्या जवळजवळ गप्पच राहिल्या, आणि लोक खवळले. विमानविरोधी दलाचे सेनापती सर फ्रेडरिक पाइल यांनी देशभरातून तोफा ओढून आणल्या. दोन दिवसांत ९२ च्या २०३ झाल्या. मग त्यांनी हुकूम दिला, की नेम राहू द्या; डागा. त्या रात्री लंडनच्या आकाशात जो गडगडाट झाला, त्याने विमाने फारशी पडली नाहीत. वर गेलेल्या गोळ्यांचे तुकडे खाली पडून उलट आपलीच माणसे जायबंदी झाली. पण तळघरांत बसलेल्या लोकांना त्या आवाजाने धीर आला. सगळ्यांनाच आला असे नाही. एका नगरपालिकेने पाइलसाहेबांकडे तक्रार केली, की तुमच्या तोफांच्या हादऱ्याने आमच्या घरांतल्या शौचकूपांची भांडी तडकतात, तरी तोफा दुसरीकडे हलवाव्यात. पाइल यांनीच ही हकीकत पुढे लिहून ठेवली. नगरपालिका सगळीकडे सारखीच, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

आता मुद्द्याकडे येतो. १९४० च्या ऑगस्टमध्ये पाइल यांनी पॅट्रिक ब्लॅकेट या पदार्थवैज्ञानिकाला मदतीस बोलावले. आपल्याला हे नाव परके नसावे. याच ब्लॅकेटना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४७ च्या जानेवारीत ते सायन्स काँग्रेससाठी दिल्लीला आले असता पंडित नेहरूंनी त्यांच्याशी देशाच्या संरक्षणाची चर्चा केली, आणि पुढे आपली संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली तिच्यामागे त्यांचा सल्ला होता. तर या ब्लॅकेटनी तोफांच्या कामासाठी गोळा केली कोण माणसे? शरीरशास्त्रज्ञ, गणिती, एक खगोलशास्त्रज्ञ, एक मोजणीदार! लोक या मेळ्याला 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. या सर्कशीने नवी तोफ शोधली नाही. रडारचे आकडे यंत्रात नीट कसे घालावेत, माणसे कुठे चुकतात, कोणत्या ठाण्याला काय हवे, एवढेच पाहिले. वर्षभरात विमानामागे लागणारे गोळे वीस हजारांवरून चार हजारांवर आले.

पण त्या आकडेमोडीत एक गंमत निघाली, आणि माझा सारा लेख त्या गंमतीवर उभा आहे. किनाऱ्यावरच्या तोफा आतल्या मुलखातल्या तोफांपेक्षा जवळजवळ दुप्पट नेमबाज ठरत होत्या. विमानामागे निम्मेच गोळे! किनाऱ्यावर असे काय होते? हवा स्वच्छ? रडारपुढे सपाट समुद्र? विद्वानांनी पुष्कळ डोके चालवले. शेवटी उलगडा झाला तो असा, की आतल्या मुलखात कुणी 'विमान पाडले' म्हटले तर जमिनीवर सांगाडा शोधून त्याची खातरजमा होई. किनाऱ्यावरचे विमान समुद्रात पडले असे सांगत. समुद्रात जाऊन कोण पाहणार?

माझ्या इतिहासशिक्षक मित्राने यावर जरा विचार करावा. जमिनीवरचा पुरावा नसेल तिथे माणसाचा पराक्रम आपोआप दुप्पट होतो, आणि तो इंग्रजांचाच होतो असे नाही. टिल्बरीचेच दुसरे उदाहरण घ्या. १५८८ साली स्पेनचे आरमार चालून आले तेव्हा एलिझाबेथ राणी टिल्बरीच्या छावणीत आली आणि सैन्यापुढे तिने भाषण केले. ते भाषण इंग्लंडातल्या शाळेतले पोर जाणते. पण राणी बोलली तेव्हा ते आरमार मार खाऊन पळत सुटले होते, आणि छावणीतल्या सैन्यावर तलवार उपसण्याची पाळीच आली नाही. त्या भाषणाचे स्मरण होते, चित्रे निघतात, नाटके होतात. आणि तिथून हाकेच्या अंतरावर ज्यांनी रात्रीमागून रात्री गोळे वाहिले, त्यांच्या वाट्याला ब्लॅकबेरीची जाळी. म्हणून मला हे खळगे हवेत. ते किती होते, कुठे होते, त्यात माणूस कसा उभा राहत होता, हे दडवता येत नाही आणि फुगवता येत नाही.

त्यातून या खळग्यांत कोण होते ते पाहा. १९३८ साली पाइल यांनी कॅरोलिन हॅसलेट या अभियंता बाईंना विचारले, की यातली कोणती कामे बायकांना जमतील. बाईंनी ठाण्यांवर जाऊन पाहिले आणि सांगितले, की जड गोळे उचलण्याचे सोडल्यास जवळजवळ सगळीच. पुरुष कमी पडू लागले तेव्हा सरकारला ते पटले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रिचमंड पार्कात बायका-पुरुषांचे पहिले मिश्र ठाणे उभे राहिले, आणि पुढे पन्नास हजारांहून अधिक बायका या दलात आल्या. पंतप्रधान चर्चिल यांची धाकटी मुलगीही त्यांत होती. त्या प्रेडिक्टर चालवीत, उंची मोजीत, रडारवर बसत. म्हणजे नेम त्यांनी धरायचा. मात्र तोफ डागायची नाही! बाईमाणसाने जीव घेणे बरे दिसत नाही, म्हणून तो अधिकार पुरुषाकडे. ठाण्यावर रात्रीचा पहारा करणाऱ्या बाईच्या हाती बंदूक द्यायची नाही म्हणून कुदळीचा दांडा दिलेला. पगार पुरुषाच्या दोनतृतीयांश. १९४२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण इंग्लंडातल्या एका ठाण्यावर अठरा वर्षांची एक मुलगी प्रेडिक्टरवर असताना बाँबचा तुकडा लागून मेली. दुसरी मुलगी लगेच तिच्या जागी उभी राहिली. बाँबला बाई-पुरुष हा भेद ठाऊक नव्हता. तो कायद्याला ठाऊक होता. माझ्या वाचक भगिनींनी, विशेषतः ज्या कचेरीत सगळे काम करतात आणि सही मात्र साहेबांची होते त्यांनी, या खळग्यांकडे 'सिमेंट' म्हणून पाहू नये अशी माझी विनंती आहे.

हे दल पुढे सुधारले, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी किनाऱ्यावरच्या तोफ्यांच्या उलट लबाडी केली असे होईल. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीचे वैमानिकाविना उडणारे बाँब येऊ लागले. ते सरळ रेषेत, एका उंचीवरून उडत. प्रेडिक्टरला हवे होते तसे गिऱ्हाईक अखेर मिळाले! जुलैच्या मध्यावर तोफा उचलून किनाऱ्यावर नेल्या. नवे रडार आले, विमानाजवळ पोचताच आपोआप फुटणारा फ्यूज आला, आणि ऑगस्टच्या अखेरीस एका दिवशी आलेल्या नव्वदांवर बाँबांपैकी लंडनपर्यंत पोचले अवघे चार.

आता घरांचा प्रश्न. जावईबापू, तुमच्याआधी हा प्रश्न १९४६ मध्येच याच ठाण्यांवर येऊन गेला आहे. युद्ध संपले, सैनिक परतले, आणि घरे बाँबने पडलेली. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कनथॉर्प गावी सिनेमाचे यंत्र चालवणारा एक मनुष्य बायकामुलांसह ओस पडलेल्या विमानविरोधी ठाण्यात जाऊन राहिला. कुणाला न विचारता! बातमी पसरली तशी माणसे हातगाड्यांवर बिऱ्हाड लादून निघाली. शरद ऋतूपर्यंत हजारांवर लष्करी छावण्यांत मिळून सुमारे चाळीस हजार माणसे राहू लागली होती. सरकारने आधी डोळे वटारले, मग निमूट पाणी आणि वीज दिली. म्हणजे या जागांनी घरे अडवली, हा आरोप त्यांच्यावर तरी टिकत नाही. आणि किती जागा आहे हो ही? युद्धकाळात इंग्लंडात जड तोफांची सुमारे हजार ठाणी बांधली गेली. आज त्यांतल्या दोनशेहून कमी ठिकाणी काही ना काही शिल्लक आहे, आणि पाहून काही कळेल अशी असतील साठेक. बाकी आठशेंवर घरे, रस्ते, दुकाने, शेते सगळे होऊन गेले. तरी घरांची टंचाई आहेच! ती हटण्याचे काम या साठ जागांवाचून अडले आहे, असे एका अभियंत्याने म्हणावे याचे मला आश्चर्य वाटते. बोवाटर्स फार्मला कायद्याने संरक्षित स्मारक ठरवले आहे, हे चांगले झाले. १९९५ ते २००२ या काळात तिकडच्या हौशी लोकांनी रानोमाळ हिंडून विसाव्या शतकातल्या जवळजवळ वीस हजार संरक्षणस्थळांची नोंद केली. पगार नाही, मानपत्र नाही. हातात टेपपट्टी आणि पायात चिखल. आपल्याकडे गड चढणारी पोरे आहेत. त्यांना मी हे मुद्दाम सांगत असतो.

राहिले कॉफीवाले. त्यांच्याशी वाद घालणे कठीण, कारण ते गोड बोलतात. 'लोक यायला हवेत, मुलांना कळायला हवे.' हवेच. पण फायबरची तोफ बसवली, की मूल तोफेवर चढते, फोटो निघतो, आणि घरी जाताना त्याच्या मनात राहते ते एवढेच, की ही तोफ धडाड्दिशी उडवायची आणि विमान पाडायचे. वीस हजार गोळे कुठे गेले हे त्याला कोण सांगणार? रिकाम्या खळग्यापुढे मूल निदान विचारते, "तोफ कुठे आहे?" काटे दरवर्षी छाटा, सिमेंटला तडे जातील ते बुजवा, एक लहानशी पाटी लावा. इतके पुरे.

यात आपले काय, असा शेवटचा प्रश्न उरतो. आपल्या देशी विमानविरोधी दलाची पहिली तुकडी १९४० साली मुंबईत, कुलाब्याला उभी राहिली. मुंबईत अंधारपट होता. माझी आई तेव्हा गिरगावात लहान होती. खिडकीच्या काचांना काळा कागद लावल्याचे आणि कंदिलाला टोपी घातल्याचे ती सांगे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन ही बोट फुटली, तेव्हा आधी सगळ्यांना वाटले जपानी विमाने आली. त्या स्फोटाची गोष्ट निघाली की मुंबईकर हटकून सोन्याच्या विटा कुणाच्या छपरावर पडल्या ते सांगतो. विमाने येतील म्हणून ज्या तोफा आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि ज्यांच्याशी आपली माणसे महिनोन्‌महिने जागत बसली, त्यांच्याबद्दल मी आजवर डझनभर वृद्धांना विचारले. आई ज्या मैदानाचे नाव घेई तिथे गेलो, तर तिथे मोटारी ठेवायची जागा झालेली. राखणदाराला विचारले, तर तो म्हणाला, "तोफ? साहेब, चुकून पोलीस चौकीत विचाराल हां हे."

तेव्हा यंदा ज्यांचे लेकीकडे किंवा मुलाकडे जायचे ठरत असेल, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. फेन्चर्च स्ट्रीट स्टेशनावरून ईस्ट टिल्बरीला आगगाडी जाते. शेत खाजगी आहे, वाट सोडू नये. पायात जाड बूट घालावेत. काटे फार आहेत, आणि सप्टेंबरात गेलात तर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात.